होमोसिस्टीनचा आकडा आणि मावशींच्या पायातल्या मुंग्या

वस्तीतल्या एक मावशी परवा रिपोर्ट घेऊन आल्या. वय ६०च्या पुढे, १० वर्षांपासून साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. ‘वयामुळे होतं’ असं ऐकून त्या वर्षभर गप्प बसल्या. आता कुणीतरी महागडं पॅकेज करायला लावलं, त्यात होमोसिस्टीन ३२ निघालं. साधारण १५पर्यंत ठीक समजतात. "मला आता ॲटॅक येणार का गं?" हा पहिला प्रश्न.

होमोसिस्टीन हे एक अमिनो आम्ल. ते ताटातून येत नाही. डाळ, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांत मेथिओनिन असतं, त्यापासून ते शरीरातच बनतं. बी-१२ आणि फोलेट त्याचं पुन्हा मेथिओनिन करतात, बी-६ त्याला दुसऱ्या वाटेला लावतं. ही जीवनसत्त्वं कमी पडली की ते रक्तात साचतं. किडनी किंवा थायरॉईड बिघडलं तरी वाढतं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. किल्मर मॅक्युली यांनी होमोसिस्टीन खूप वाढलेल्या लहान मुलांच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झालेल्या पाहिल्या आणि त्याचा संबंध हृदयरोगाशी जोडला. पुढे हजारो रुग्णांना जीवनसत्त्वं देऊन पाहिली. आकडा उतरला, ॲटॅक मात्र कमी झाले नाहीत. त्यामुळे केवळ भीतीपोटी ही तपासणी करून पैसे घालवू नका.

मावशींच्या बाबतीत मला काळजी होती ती नसांची. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात शेजारी वासावरून बोलतात म्हणून त्यांनी मटण-मासळी सोडलेली! बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं आणि काळजात तर भरपूर. ज्या काळीज-सुकटीला लोकांनी नाकं मुरडली, त्यातच ते आहे.

एक चूक मात्र करू नका. रक्त वाढावं म्हणून नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेत राहिलात, तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि बी-१२च्या कमतरतेने नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. आधी बी-१२ तपासा. साखरेची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मावशींचं बी-१२ फारच कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आहेत. मुंग्या कमी झाल्यात, डाव्या तळव्याचा बधिरपणा अजून तसाच आहे. वर्षभरापूर्वी आल्या असत्या तर कदाचित तोही गेला असता.