विश्वचषक जिंकला, स्मृती हरवली

२२ नोव्हेंबर २००३. सिडनीतील रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपत आली, तरी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया १७-१७ असे बरोबरीत होते. इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनने मैदानाच्या कडेवरून लांब फेकलेला चेंडू लुईस मूडीने उडी घेऊन झेलला. त्याच चढाईच्या अखेरीस जॉनी विल्किन्सनने ‘ड्रॉप गोल’ साधला आणि इंग्लंड २०-१७ असे जगज्जेते ठरले. रग्बीप्रेमींना तो क्षण तोंडपाठ आहे. थॉम्पसनला मात्र त्या सामन्यातील काहीही आठवत नाही.

१९७८ मध्ये जन्मलेला थॉम्पसन नॉर्दम्प्टन संघातून पुढे आला. २००२ ते २०११ या काळात तो इंग्लंडकडून ७३ कसोटी सामने खेळला. त्याचे स्थान ‘हूकर’चे. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू परस्परांना रेटतात. त्यात पहिल्या फळीच्या मधोमध असणाऱ्या हूकरच्या मानेवर प्रचंड ताण येतो. मानेच्या दुखापतीमुळेच थॉम्पसनने २००७ मध्ये निवृत्ती पत्करली. पुढे तो परतला. पण २०११ मध्ये मानेनेच त्याला कायमचे थांबवले.

खरा आघात मात्र मेंदूवर झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे त्याने जाहीर केले. कधीकधी पत्नीचे नावही त्याला आठवत नाही. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी या विकाराचा संबंध जोडला जातो. शुद्ध हरपावी असा मोठा मारच लागायला हवा असे नाही. छोट्या धक्क्यांचाही परिणाम साचत जातो. १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाल्यावर सामन्यांइतक्याच सरावातील धडकाही वाढल्या.

थॉम्पसन आणि इतर माजी खेळाडूंनी, आपल्या संरक्षणात कसूर झाल्याचा आरोप करीत, जागतिक रग्बी संघटनेसह इंग्लंड व वेल्सच्या संघटनांविरुद्ध कायदेशीर लढा आरंभला. जागतिक संघटनेने २०२१ मध्ये, पूर्ण धडकांचा सराव आठवड्याला १५ मिनिटांपुरता ठेवावा, अशी शिफारस केली. थॉम्पसनच्या पिढीसाठी ती फार उशिरा आली.

पुन्हा संधी मिळाली तर आपण हा खेळ खेळणार नाही, असे विश्वविजेता थॉम्पसन म्हणतो. अशा आघातांतून होणाऱ्या मेंदूविकाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीतूनच होते. म्हणून त्याने आपला मेंदू संशोधनासाठी दान करण्याचे ठरवले आहे. पुढच्या पिढीतील खेळाडूंना तरी आपले विजय आठवावेत, एवढाच त्याचा अर्थ.