कॅक्टसच्या नावात दडलेली ओळख

रोपवाटिकेतील कुंड्यांवर मॅमिलारिया, ॲस्ट्रोफायटम, फेरोकॅक्टस अशी नावे आढळतात. उच्चारायला अवघड असली तरी ही नावे निरर्थक नाहीत. ग्रीक व लॅटिन शब्दांपासून बनलेल्या या नावांत बहुधा त्या वनस्पतीचे रूपच सांगितलेले असते.

'कॅक्टस' हा शब्द मूळचा ग्रीक आहे. प्राचीन ग्रीक लोक भूमध्य समुद्राच्या परिसरातील एका काटेरी झुडपाला 'काक्टोस' म्हणत. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये हेच नाव अमेरिका खंडातील वनस्पतींना दिले. पुढे त्यांची अनेक प्रजातींत विभागणी झाली आणि 'कॅक्टस' ही ओळख संपूर्ण कुलासाठी राहिली.

मॅमिलारिया हे नाव स्तनाग्र या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. या प्रजातीच्या खोडावर उभ्या धारा नसतात, तर लहान लहान उंचवटे असतात व त्यांच्या टोकांवर काटे येतात. ॲस्ट्रोफायटम म्हणजे तारकावनस्पती. मोजक्या ठळक धारांमुळे वरून पाहिल्यास तिचा आकार ताऱ्यासारखा दिसतो. फेरोकॅक्टसमधील 'फेरो' म्हणजे उग्र. दणकट, अनेकदा आकड्यासारखे वळलेले काटे हे त्याचे वैशिष्ट्य होय. सेरियस म्हणजे मेणबत्ती, आणि त्याचे खोडही तसेच सरळ उभे वाढते.

काही नावे मात्र रूप सांगत नाहीत. ॲरिझोनातील महाकाय सग्वारोची प्रजाती 'कार्नेजिया' ही उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या सन्मानार्थ आहे. फड्या निवडुंगाचे 'ओपन्शिया' हे नाव प्राचीन ग्रीसमधील ओपस नगरावरून पडले. त्याची जाड 'पाने' म्हणजे वस्तुतः चपटी खोडे आहेत.

येथेच मराठी वाचकाने सावध राहायला हवे. निवडुंग हा शब्द आपण फड्या निवडुंगासाठी वापरतो, तसाच तीनधारी निवडुंगासाठीही. परंतु तीनधारी निवडुंग कॅक्टस नसून युफोर्बिया प्रजातीचा आहे. त्याचा पांढरा चीक त्वचेचा दाह करतो, आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. काही मॅमिलारियांतूनही पांढरा चीक निघत असल्याने केवळ चिकावरून निर्णय करता येत नाही.

खरी खूण काट्याच्या बुडाशी असते. कॅक्टसचे काटे 'ॲरिओल' नावाच्या, अनेकदा लवदार दिसणाऱ्या, गादीसारख्या छोट्या ठिपक्यातून उगवतात. फुले व नव्या फांद्याही बहुधा तेथूनच येतात. युफोर्बियात असा ॲरिओल नसतो. त्यामुळे छाटणी करण्यापूर्वी काट्याचे बूड नीट पाहावे, आणि शंका असल्यास हातमोजे घालून डोळे जपावेत. चीक डोळ्यांत गेलाच तर ते भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.