अखंड तेवणारा पडदा

देवघरांतील नंदादीप रात्रंदिवस तेवत असतो; पण लग्नमंडपांतील एका रात्रीच्या झगमगाटाशीं तुलना केली, तर त्याला लागणारें तेल अगदीं थोडें. स्मार्टफोनमधील ‘ऑलवेज-ऑन डिस्प्ले’ या सोयीचा विचार करतांना हा दृष्टांत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. फोन वापरांत नसतांहि त्याच्या काळ्या पडद्यावर घड्याळ, तारीख व आलेल्या निरोपांच्या खुणा मंदपणें दिसत राहतात. रात्रीं औषधाची वेळ पाहणाऱ्या वृद्धास ही मोठीच सोय. परंतु चोवीस तास जळणारा पडदा लवकर निकामी होईल, या भीतीनें पुष्कळ घरांत ती बंद ठेवितात. पडदा बदलण्याचा खर्च थोडाथोडका नसल्यामुळें ही भीति खरी कीं खोटी, हें पाहणें अगत्याचें आहे.

एलसीडी जातीच्या पडद्यामागें दिवा असतो. नुसतें घड्याळ दाखवावयाचें झालें तरी तो पेटवावा लागतो. ओएलईडी पडद्याची तऱ्हा निराळी. अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक या संशोधकांनीं १९८७ सालीं सेंद्रिय द्रव्यांच्या अतिशय पातळ थरांतून वीज खेळवून चांगला प्रकाश मिळविल्याचें प्रसिद्ध केलें, आणि या पडद्यांचा पाया घातला गेला. यांतील प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाश देतो. जेथें काळा रंग, तेथें दिवा विझलेला. म्हणून काळ्या पडद्यावर घड्याळ दिसतें, तेव्हां त्याच्या आंकड्यांपुरतेच दिवे जळत असतात.

दिवा म्हटला कीं झीज आलीच. प्रकाश देतां देतां सेंद्रिय द्रव्याची शक्ति क्षीण होते. निळ्या रंगाचें द्रव्य सर्वांत आधीं थकतें. त्यासाठीं पुष्कळ पडद्यांत निळा बिंदु हिरव्याहून मोठा ठेवितात, म्हणजे त्यावरील ताण हलका होतो. सगळे बिंदु सारखेच झिजले, तर तें सहसा लक्षांतहि येत नाहीं. देवळाची दगडी पायरी मधोमध झिजली म्हणजे तेवढाच खोलगट भाग नजरेंत भरतो. त्याप्रमाणें एकच आकृति एकाच जागीं दीर्घकाळ उजळत राहिली, तर तेथील बिंदु अधिक थकून तिची पुसट छाया पडद्यावर कायम राहते. यासच ‘बर्न-इन’ म्हणतात.

या दोषाविरुद्ध कारखानदारांनीं तजवीज केलेली असते. नेहमीं दिसणारें घड्याळ मंद ठेविलेलें असतें, आणि पुष्कळ फोनांत तें थोड्या थोड्या वेळानें किंचित् सरकतें. खिशांत किंवा पालथा ठेविलेला फोन बहुधा तें विझवूनहि टाकतो. २०२२ सालच्या आयफोन १४ प्रोमध्यें, विजेची बचत व्हावी म्हणून, अशा वेळीं पडद्यावरील चित्र सेकंदास एकदांच नवें होईल अशी योजना होती. मात्र त्यांत घड्याळामागील चित्रहि मंदपणें दिसे, म्हणजे अधिक बिंदु जळत; तें बंद करण्याची सोय पुढें देण्यांत आली.

झीज केवळ तासांवर मोजून चालत नाहीं. प्रकाश दुप्पट केला, तर बिंदूचें आयुष्य सामान्यतः निम्म्याहूनहि कमी होतें. उष्णतेनें तें आणखी घटतें. भाड्याची मोटार चालविणाऱ्याचा फोन भर उन्हांत, पूर्ण प्रकाशावर, दिवसभर एकच नकाशा दाखवीत असतो. नकाशा सरकतो, पण कडेच्या पट्ट्या व खुणा जागच्या हलत नाहींत. पडद्यास खरा धोका अशा वापराचा आहे.

यावरून असें दिसतें कीं, वृद्धाच्या उशाजवळील मंद घड्याळ बंद करून पडद्याचें आयुष्य फारसें वाढत नाहीं. बॅटरी थोडी अधिक खर्च होते, एवढेंच. पडदा टिकवावयाचा तर दिवसाचा प्रकाश गरजेपुरता ठेवावा, स्थिर चित्र तासन् तास उजळत ठेवूं नये, आणि फोन उन्हांत तापूं देऊं नये. एवढें सांभाळल्यावर रात्रीं तेवणाऱ्या त्या चार आंकड्यांस भिण्याचें कारण उरत नाहीं.