मिनिटाला 3000 फेरे

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जनित्राचा कित्येक टन वजनाचा रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50. त्याच क्षणी नागपूरजवळच्या कोराडीत आणि तेलंगणातल्या रामागुंडममध्येही रोटर तितकेच फेरे घेत असतात. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाला जोडलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी ही अजस्र यंत्रं लेझीम पथकासारखी एकाच ठेक्यावर फिरत आहेत.

फिरणाऱ्या या यंत्रांमागची युक्ती 1831 सालची, मायकेल फॅरडेची. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं माणूस एकच प्रश्न सोडवत आला आहे: चुंबक फिरवायचा कुणी?

चंद्रपुरात तो वाफ फिरवते. कोळशाची पिठासारखी बारीक पूड जाळून पाणी उकळायचं आणि पाचशे अंशांहून तापलेली वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडायची. कोळसा रात्रंदिवस, बाराही महिने राबतो. पण त्यातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीची धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून निघून जाते. एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो, शिवाय राखेचे ढीग साचतात. थंड पडलेला संच पुन्हा पेटवायला कित्येक तास लागतात.

तारापूरला 1969 पासून पाणीच उकळतं, पण आच अणूची. एक ग्रॅम युरेनियम-235 पूर्ण विखंडित झालं, तर सुमारे तीन टन चांगल्या कोळशाइतकी उष्णता देतं! धूर नाही, राख नाही. मात्र केंद्र उभारायला वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा लागतो, आणि वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागतं.

कोयनेला आग लागतच नाही. पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी इथे सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलंय. ते साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, भूमिगत टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. क्षमता 1960 मेगावॉट, आणि संच काही मिनिटांत सुरू किंवा बंद होतो. त्यासाठी गावंच्या गावं उठली, हे विसरता येत नाही. पश्चिमेला किती पाणी सोडायचं, यावरही कृष्णा लवादाची मर्यादा आहे.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर वारा राबतो. त्याचं गणित भन्नाट आहे: वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. वेग निम्मा झाला, की ताकदही आठव्या हिश्श्यावर! आषाढात तो जोरात असतो. इतर वेळी त्याची मर्जी.

सूर्याने तर फॅरडेलाच बाजूला सारलं. साक्रीजवळच्या सौर प्रकल्पात काहीच फिरत नाही. प्रकाशाचा कण सिलिकॉनवर आदळतो, इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि वीज वाहू लागते. इंधनाचा खर्च शून्य. पण जमीन भरपूर लागते, आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागतात नेमकं तेव्हा ही वीज संपते.

ही वेळेची गोष्ट कळीची आहे. जाळ्यात वीज साठून राहत नाही. जितकी खपते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की सगळे रोटर किंचित मंदावतात, घटली की वेग घेतात. 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले आणि मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने कोसळली. ठेका सांभाळला तो मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी: पाणी झपाट्याने रोखलं आणि दिवे लागताच पुन्हा सोडलं. कोळशाला एवढ्या चपळाईने वळता आलं नसतं.

म्हणून ‘सर्वांत चांगली वीज कुठली?’ या प्रश्नाआधी ‘किती वाजताची?’ हे विचारायला हवं. घाटघरला मागणी कमी असताना पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज मिळवतात. या चढउतारात थोडी वीज वाया जाते, तरी वेळ विकत घेता येतो. दुसरा उपाय आणखी सोपा: मागणीच उन्हात आणायची. वर्षानुवर्षं आपला शेतकरी रात्रपाळीच्या विजेवर, विंचूकाट्याच्या भीतीत पिकाला पाणी देत आला. आता राज्यात शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांना जोडल्या जात आहेत. पिकाला पाणी दुपारी दिलं तरी चालतं, आणि दुपारी सूर्याकडे देण्यासारखं पुष्कळ असतं.