काळा घोडा काळा का होतो?

आमच्या अंजनवेलला गाय-बैल घरचे, घोडा मात्र पाहुणा. म्हणूनच दत्तजयंतीला मी तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातो आणि काळ्या घोड्यांपाशी रेंगाळतो.

विकणारे आई-बापाचा रंग सांगून शिंगराची खात्री देतात. ती पुरेशी नसते. केसात काळा रंग बनेल का, हे एमसी१आर नावाचं जनुक ठरवतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तर घोडा तांबडा होतो. एक जरी धड असली, तर काळा रंग बनतो. तो कुठे राहील, हे दुसरं जनुक, अगूटी, सांगतं. ते धड असलं की काळेपणा आयाळ, शेपटी आणि पायांपुरता उरतो. हा झाला कुमैत. अगूटीच्या दोन्ही प्रतींतून डीएनएची ११ अक्षरं गळलेली असतील, तरच काळेपणा अंगभर पसरतो. हे २००१ साली उलगडलं.

म्हणून कुमैत जोडीला काळं शिंगरू होऊ शकतं आणि काळ्या जोडीला तांबडं! काळ्या जोडीला कुमैत मात्र होत नाही. लपलेला रंग पिढ्यान्‌पिढ्या असा वाट पाहतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, काळ्या शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस फुटलेत का ते पाहा. तसं असेल तर बहुधा आणखी एक जनुक कामाला लागलेलं असतं आणि काही वर्षांत घोडा पांढरा होतो. उन्हाने विटलेला काळा आणि गडद कुमैत यांच्यातही नजर फसते. आयाळीचे मुळासकट उपटलेले केस तपासून घ्यावेत.