सीझनच्या तोंडावर नवीन सॉफ्टवेअर? थांबा!

दोन दुकानं, एक गोडाऊन आणि पंधरा माणसं झाली की वही पुरत नाही. सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं. पण ते सुरू कधी करायचं, हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरवालाच ठरवतो. घोटाळा तिथेच होतो.

अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीचंच बघा. ऑर्डर, स्टॉक, डिलिव्हरी सगळं एका सिस्टिमवर आणायला त्यांनी सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलर लावले. काम चार वर्षांचं होतं, ठरवलं अडीच वर्षांत. एप्रिल 1999 ची तारीख हुकली आणि सिस्टिम जुलैत सुरू झाली, तीही सगळी एकदम. जुलै म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी येण्याचा काळ. आपल्या मिठाईवाल्याची दिवाळीच म्हणा ना! माल गोदामात होता, तरी जवळपास 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचल्या नाहीत. त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला.

एक कारण तर अगदी आपल्या घरचं वाटेल. सीझनला जास्तीचा माल ते मिळेल त्या जागेत ठेवायचे. जुन्या माणसांना त्या जागा तोंडपाठ होत्या, पण सिस्टिममध्ये त्यांची नोंदच नव्हती. आपल्याकडेही माळ्यावर चार खोकी असतात, शेजारच्या गाळ्यात थोडा माल असतो, आणि कुठे काय आहे ते फक्त काकांना माहीत! म्हणून डेटा भरण्याआधी काकांना सोबत घेऊन प्रत्येक कोपरा मोजा. हे काम कॉम्प्युटरवाल्या पोरावर सोडू नका, मालकानं स्वतः उभं राहायचं. काकांना वाटतं, आता आपली गरज संपली. त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर ते सांगणारच नाहीत.

मग एकाच दुकानात सुरुवात करा. महिनाभर वहीसुद्धा चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही आकडे जुळवा. डबल काम होतं, माणसं कुरकुरतात, चालायचंच. आकडे जुळेपर्यंत दुसऱ्या दुकानाला हात लावू नका. मिठाईवाल्यांनी दिवाळी संपल्यावर, वह्या-दप्तरंवाल्यांनी शाळा सुरू होऊन गर्दी ओसरल्यावर मुहूर्त काढावा.

हर्शीनं पुढे 2002 मध्ये तीच सिस्टिम अपग्रेड केली. या वेळी भरपूर चाचण्या घेतल्या. काम 11 महिन्यांत झालं, तेही बजेटपेक्षा 20 टक्के कमी खर्चात.