लातूरचा फ्लॅट की गावचं अंगण?

फ्रीलान्सरला ऑफिस कुठेही थाटता येतं. माझ्यापुढे दोन चॉइस होते: लातूरात भाड्याचा फ्लॅट किंवा नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातलं आजीचं घर.

लातूरात दवाखाना, रेल्वे, मित्रमंडळी सगळं हाताशी. पण २०१६च्या उन्हाळ्यात याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं!

गावी शांतता, अंगण, चांदणं. पण ऑगस्ट २०२५मध्ये मुखेडमधल्या काही गावांची पुरात अक्षरशः बेटं झाली. माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं.

आजीनंच कन्फ्युजन मिटवलं. ‘‘लेकरा, पाणी आटलं तर टँकर येईल. पाणी चढल्यावर कोण येतंय?’’

फ्लॅट घेतला. पावसाळ्यापुरतं आजीलाही इथंच आणायचं ठरलंय. दिवाळीला मात्र दोघंही गावी!